गोदाक्कांचा डबा

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. घरातलं चारचौघांत कशाला, असं बजावणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं. ती व्यक्ती आत्ता आत चकल्या तळते आहे. कढईचा चर्र आवाज येतो आहे तोवर मला वेळ आहे. मला तरी या गोष्टीत लाज वाटण्यासारखं काही सापडलं नाही. पण गावाचं नाव सांगत नाही. त्याच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही.

एका गावात एक नावं घालणारा राहत होता. त्याचं नाव विश्राम.

नावं घालणारा म्हणजे भांड्यांवर नावं घालणारा. बाजारपेठेत रतनशेठचं भांड्यांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या ओट्यावर विश्राम पोतं अंथरून बसे. डाव्या हातात बारीक छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. ठक, ठक, ठक. एकेक ठिपका उमटे. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर होई, अक्षराला अक्षर लागून नाव होई. त्या काळी बिननावाचं भांडं कुणी घरात ठेवत नसे. बारशाची वाटी, मुंजीतला तांब्या, लग्नातली परात, सगळ्यांवर नाव असे. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या साली दिलं, ते भांडी घासता घासता बायकांच्या बोटांना कळे. पेठेतून जाणाऱ्याला लांबूनच ती ठकठक ऐकू यायची आणि आज कुणाच्या तरी घरी नवं भांडं जाणार, हे समजायचं.

विश्रामचा दर अक्षराला पाच पैसे होता. काना, मात्रा, वेलांटी फुकट. जोडाक्षर एकच धरायचं.

लग्नसराईनंतर त्याला आणखी एक काम असे. मांडवात चार घरची भांडी एकत्र झालेली असत. दोन बायका एकच पातेलं दोन बाजूंनी धरून उभ्या राहत आणि एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचत. मग कुणीतरी विश्रामला बोलावी. तो पातेलं उन्हात धरी, नाव वाची आणि म्हणे, "ज्याचं नाव, त्याचं भांडं." तिथं वाद संपे. बिननावाच्या भांड्यापुढे मात्र त्याचाही इलाज नसे. ते ज्याच्या हाताला लागे तो घेऊन जाई.

विश्रामच्या स्वतःच्या घरी एक तांब्याचा हंडा होता. लग्न झालं त्या वर्षी त्यानं त्यावर बायकोचं नाव घातलं होतं. सौ. अनसूया विश्राम. नावाच्या दोन्ही बाजूंना दोन पोपट काढले होते. "पोपटांचे किती पैसे झाले?" असं अनसूयेनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "ते नंतर बघू." अनसूया रोज चिंच लावून हंडा घाशी. सकाळी दारातून ऊन आत आलं की आधी हंड्यावर पडे, मग बाकीच्या घरात.

मग अनसूया आजारी पडली. तालुक्याचा डॉक्टर, इंजेक्शनं, एस.टी.चे हेलपाटे. शिल्लक संपली. विश्राम गोदाक्कांकडे गेला.

गोदाक्का लग्नकार्याला भाड्यानं भांडी देत. त्यांच्या माडीवर इतकी ताटं होती की सगळं गाव एका पंगतीला बसलं असतं. एकूण एक भांड्यावर विश्रामनंच नाव घातलेलं. पण अक्षराला पाच पैसे पडतात म्हटल्यावर अक्कांनी आपलं नाव तीन अक्षरांत बसवलं होतं. नुसतं 'गोदाक्का'. आडनावाची त्यांना गरज वाटली नाही, आणि गावालाही वाटली नाही. एखादी वाटी कमी आली तर अक्का त्या घरी जाऊन फळ्या तपासत. त्या आल्या की बायका आधी स्वयंपाकघर आवरायला धावत.

अक्कांनी चारशे रुपये दिले आणि हंडा गहाण ठेवून घेतला.

"पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुद्दल आणि व्याज दोन्ही," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर हंडा माझ्या भांड्यांत जाईल. आणि माझ्या भांड्यांवर नाव कोण घालतं, ते तुला ठाऊक आहे."

विश्रामला ठाऊक होतं. अनसूयेचं नाव ठोकून सपाट करायचं आणि तिथं 'गोदाक्का' लिहायचं, हे काम त्याच्याच हातोडीला करावं लागणार होतं.

अनसूया काही राहिली नाही. घरात उरले विश्राम आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी कुमुद. हंड्याच्या जागी जमिनीवर एक गोल खूण उरली. कुमुद त्या खुणेकडे बघत म्हणाली, "अण्णा, हंडा कुठं गेला?"

विश्रामच्या तोंडातून निघून गेलं, "गोदाक्कांकडे आहे. लग्नाला गेलाय."

"कुणाच्या?"

"आहे एक. मोठं लग्न आहे."

पहिले काही महिने कर्ज फेडायचं म्हणजे काय करायचं, हेच विश्रामला उमगेना. तो काही आळशी नव्हता. उन्हाळ्यात लग्नसराईला तर हातोडी खाली ठेवायला उसंत नसे. संध्याकाळी सदऱ्याचा खिसा जड असे. पण घरी येईतो तो हलका होई. कुणी चहा पाजला, म्हणून आपण पाजायचा. कुणी उसने मागितले, नाही म्हणवेना. पेरू छान दिसले, कुमुदसाठी घेतले. वाईट असं एकही काम त्यानं केलं नाही. तरी महिनाअखेरीला अक्कांना द्यायला काही उरत नसे.

एका संध्याकाळी कुमुद म्हणाली, "अण्णा, मीठ संपलंय. दहा पैसे द्या." विश्रामनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्या दिवशी त्यानं एका नवरीच्या अख्ख्या संसारावर नावं घातली होती.

मीठ शेजारणीनं दिलं. पण विश्रामनं भाकरी तशीच बाजूला ठेवली. कुठं गेले पैसे? कुणी चोरले नव्हते. उधळले नव्हते. तो समोरच्या फळीवरच्या भांड्यांकडे बघत राहिला आणि एकदम त्याला आपल्याच ओट्यावरचं रोजचं बोलणं आठवलं. बिननावाचं भांडं ज्याच्या हाताला लागतं, तो घेऊन जातो. माझ्या खिशातले पैसे तसेच बिननावाचे आहेत, त्याच्या मनात आलं. म्हणून ते कुणाचेही होतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं रतनशेठकडून पोचे आलेले डबे मजुरीच्या बदल्यात मागून घेतले. एकाचं झाकण घट्ट, एकाचं सैल, एक बसका, एक उभट. रात्रीच्या जेवणाआधी बापलेक अंगणात बसली आणि त्यानं डब्यांवर नावं घातली. पीठमीठ. दूध. रॉकेल. शाळा. अडीनडी. सगळ्यांत लहान डबी उरली, तिच्यावर कुमुदनं हट्टानं 'अण्णा' असं घालायला लावलं. ती त्याच्या चहाची. आणि सगळ्यांत मोठा डबा होता, त्यावर त्यानं घातलं, 'गोदाक्का'.

"त्यावर 'कर्ज' असं घाला ना," कुमुद म्हणाली. अक्कांचे पैसे द्यायचे आहेत, एवढं तिला माहीत होतं.

"कर्ज म्हटलं तर ते आपलं वाटतं," विश्राम म्हणाला. "हे आपलं नाहीच. ज्याचं नाव, त्याचं भांडं. आपण नुसते राखणदार."

त्या दिवसापासून घरची रीत बदलली. विश्राम कुठंही न थांबता थेट घरी येई. स्टो पेटायच्या आधी खिसा चटईवर उलटा होई आणि प्रत्येक नाणं आपापल्या डब्यात जाई. पैसा बिननावाचा असा एक क्षणही राहत नसे. आधी अक्कांच्या डब्यात, मग बाकीच्यांत. ज्या दिवशी काम कमी, त्या दिवशी सगळ्यांनाच थोडं थोडं कमी. पण अक्कांचा डबा उपाशी ठेवायचा नाही.

कुमुदला हिशोब रुपयांत कळत नसे, तो विश्राम तिला अक्षरांत सांगे. दुधाला रोज आठ अक्षरं लागत. कुमुदनं बोटं मोडून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आईच्या नावाएवढं दूध." त्यानंतर दुधाचे पैसे तीच डब्यात टाकू लागली. पाटीवरची पेन्सिल म्हणजे एक अक्षर. रॉकेलची बाटली म्हणजे एखाद्या देशमुखांचं नाव, गाव आणि तालुका. "आज आपण किती अक्षरं जेवलो हो अण्णा?" असं ती जेवताना विचारी, आणि विश्राम ढेकर देऊन सांगे, "आज बेत भारी होता. एक सासरे आणि दोन जावई."

रॉकेल वाचावं म्हणून दर गुरुवारी स्टो पेटवायचा नाही असं ठरलं. गुरुवारी दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर जात. चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, आणि असली तर काकडी. पाण्यात पाय सोडून ती जेवत. समोरच्या काठावर धोबिणी कपडे आपटत आणि त्याचा आवाज थोडा उशिरा येई. कुमुदला वाटे, गावातली बाकीची मुलं बिचारी गुरुवारी घरातच जेवतात. शाळेत ती ऐटीत सांगे, "आमच्याकडे गुरुवारी स्वयंपाक नसतो." विश्राम ते ऐकून कानकोंडा होई. पण तिच्या तोंडावरचा आनंद खरा होता, त्याचं काय करायचं?

थंडीत शाळेची सहल धरणावर जायची ठरली. वर्गणी दोन रुपये. शाळेच्या डब्यात तेवढे नव्हते. अडीनडीचा डबा कुमुदच्या तापात नुकताच रिकामा झाला होता. कुमुद गोदाक्कांच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं तो हलवला. नाणी खुळखुळली.

"यातले घेऊ या ना अण्णा. लगेच परत टाकू. अक्कांना कळणारसुद्धा नाही."

"आपल्याला कळेल."

"दोनच रुपये!"

"कुमुद, शेजारणीच्या नावाचं ताट आपल्याकडे आलं, तर त्यात आपण जेवायला बसतो का?"

कुमुद पाठ करून दप्तर लावत बसली. विश्रामनं तिची ती पाठ पाहिली. आई असती तर हिनं आईजवळ हट्ट केला असता, असं त्याच्या मनात आलं. माझ्याजवळ ती हट्टसुद्धा पुरता करत नाही. त्याचा हात खरोखरच मोठ्या डब्याच्या झाकणापर्यंत गेला. झाकणाखाली त्यानंच घातलेली तीन अक्षरं बोटांना लागली. तिथून हात निघाला तो बाजूच्या लहान डबीवर गेला. स्वतःच्या नावाच्या.

त्यानं डबी चटईवर उपडी केली. साठवलेली सगळी नाणी घरंगळली. सहलीचं भागलं.

दुसऱ्या दिवसापासून विश्रामनं चहा सोडला. रतनशेठनं कप पुढे केला, तर म्हणाला, "नको शेठ, हल्ली पित्त होतं." घरी कुमुद डोळे बारीक करून म्हणाली, "अण्णा, पित्त कधीपासून?" तो म्हणाला, "सहल ठरली तेव्हापासून."

सहलीहून ती आली ती थेट फळीकडे गेली. धरणाच्या काठावर सापडलेला एक गुळगुळीत, पांढरा गोटा तिनं 'अण्णा' डबीत टाकला. "भांडं रिकामं परत द्यायचं नसतं," ती म्हणाली. हे तिला आईनं शिकवलं होतं. शेजारची वाटी परत करताना आई चिमूटभर साखर तरी घालायचीच. मग तिनं आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेतला आणि गोदाक्कांच्या डब्यात कोंबला. नाणी खुळखुळायची बंद झाली. "त्याचा आवाज आला की मला सगळं आठवतं," ती एवढंच म्हणाली.

अशी दिवाळी जवळ आली. धनत्रयोदशीच्या आधी भांड्यांच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. विश्राम सकाळपासून ओट्यावर बसून होता. त्याच्या एका बाजूला नाव घालायच्या तांब्यांची रास, दुसऱ्या बाजूला नाव घातलेल्यांची. पाडवा तोंडावर आला होता आणि मोठा डबा थोडासाच अपुरा होता. याच चार दिवसांच्या कमाईवर हंडा घरी यायचा होता.

त्या दुपारी गोदाक्का पेठेतली गर्दी टाळून नव्या पेल्यांचं काम कुमुदजवळ सांगून ठेवायला विश्रामच्या घरी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. कुमुद नळावर गेली होती. अक्कांनी सवयीनं आत डोकावलं, सवयीनं फळी तपासली, आणि त्यांना आपलं नाव दिसलं.

गेल्या चैत्रातल्या एका लग्नात त्यांचा एक डबा हरवला होता.

अक्कांनी डबा उचलला. जड लागला. काही वाजलं नाही. सुपारी असेल, नाहीतर डाळ, असं त्यांना वाटलं. डबा पदराखाली धरून त्या तरातरा पेठेत आल्या आणि भर गर्दीत त्यांनी तो विश्रामच्या पोत्यावर आपटला.

"काय रे विश्राम! माझ्या भांड्यांवर नाव घालतोस आणि त्यातलंच एक आपल्या फळीवर ठेवतोस?"

ठकठक थांबली. पेठेतल्या माणसांना तो आवाज बंद झालेला आधी जाणवला, आणि मग अक्कांचं बोलणं ऐकू आलं.

"वाच," अक्का म्हणाल्या. "मोठ्यानं वाच, कुणाचं नाव आहे ते. गावाला तूच वाचून दाखवतोस ना?"

विश्रामनं वाचलं नाही. अक्षरं त्याचीच होती. तोच 'गो', तोच लांब खाली ओढलेला काना. अक्कांच्या माडीवरच्या शेकडो भांड्यांवर होती तशीच. डबा माझा, आतले पैसे माझे, असं म्हणावं, तर आजवर गावाला सांगितलेला न्याय तो स्वतःच मोडणार होता. कोण विश्वास ठेवणार? आणि खरं सांगावं, तर अनसूयेचा हंडा गहाण पडला आहे, हे भर पेठेत उघड होणार होतं. गप्प राहिलं तर चोर ठरत होता. चोराकडे आपली भांडी कोण सोपवतं?

रांगेतली एक बाई पुढे झाली, राशीतून आपला तांब्या हळूच उचलला आणि पदराआड केला. विश्रामनं ते पाहिलं. तिच्या पाठोपाठ दुसरीचाही हात राशीकडे गेला.

इतक्यात गर्दीतून वाट काढत कुमुद आली. परकर ओला, केस विस्कटलेले. फळीवरची रिकामी जागा पाहून ती नळावरची कळशी तशीच टाकून धावत आली होती. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे.

"अक्का, डबा तुमचाच आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पण अजून भरला नव्हता."

"भरला नव्हता म्हणजे?"

"तुमचे पैसे आहेत त्यात. अण्णा रोज टाकतात. आम्ही हात लावत नाही. सहलीलासुद्धा नाही लावला."

अक्कांनी झाकण ओढलं. वर लुगड्याचा तुकडा होता. तो त्यांनी बाजूला केला. खाली नाणी होती, आणि घड्या घातलेल्या मळक्या नोटा. अक्कांनी त्या तुकड्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो कुणाचा, हे त्यांनी ओळखलं असावं. अनसूया त्याच लुगड्यात त्यांच्याकडे भांडी मोजायला यायची.

"अस्सं," अक्का म्हणाल्या. मग त्यांचा मूळचा स्वभाव जागा झाला. त्यांनी मान तिरकी केली. "म्हणजे डबा माझा, नाव माझं, आतले पैसेही माझे. माझेच पैसे मला मिळाले. मग कर्ज आहे तसंच राहिलं की रे विश्राम!"

गर्दीत कुणीतरी हसलं. विश्राम हसला नाही.

"नाव घातलं तेव्हाच ते तुमचे झाले, अक्का," तो म्हणाला. "कशात धरायचे ते तुम्ही ठरवा. मी ते माझे म्हणणार नाही."

कुमुदनं अक्कांचा पदर ओढला. "अक्का, आणि आमचा हंडा कधी येणार? लग्नाला गेलाय ना तो?"

विश्रामनं खाली पाहिलं. अक्कांनी एकदा त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. आयुष्यात कधी कुणाचं मन राखायला त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "लग्नालाच गेलाय."

मग त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा विश्रामच्या मांडीवर ठेवला.

"जमा धरले," त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पेठेच्या टोकाला ऐकू जावं. "भरला की घेऊन ये. आणि रतनशेठ, ऐका. या माणसानं वर्षभर माझ्या नावाला बोट लावलं नाही. माझ्या सख्ख्या भाच्यानं आठ दिवसांत डबा चाटूनपुसून ठेवला असता. आता माझा खरा हरवलेला डबा ज्याच्याकडे असेल, त्यानंही मुकाट्यानं आणून द्यावा!"

लोक हसले. पदराआड गेलेला तांब्या पुन्हा राशीत येऊन पडला. ठकठक सुरू झाली.

पाडव्याच्या सकाळी डब्याचं झाकण बसेना, म्हणून कुमुदनं ते हातानं दाबून धरलं. अंगावर नवं काही नव्हतं, पण दोघांना उटणं लागलेलं होतं. अक्कांनी पैसे मोजून घेतले. एकदा मोजले, मग स्वभावाप्रमाणे पुन्हा मोजले. बरोबर भरले. त्या माडीवर गेल्या आणि गोणपाटात गुंडाळलेला हंडा घेऊन आल्या.

गोणपाट सोडलं तर हंडा लखलखत होता. कुणीतरी तो चिंचेनं घासत आलं होतं. नाव जागच्या जागी होतं. पोपटही.

"एकदाही भाड्यानं दिला नाही," अक्का कुणाकडे न बघता म्हणाल्या. "पोपट झिजले असते."

कुमुदनं हंड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मग तोंड वर करून तिनं विचारलं, "अक्का, संपलं का हो लग्न?"

"संपलं बाई," अक्का म्हणाल्या. "फारच लांबलं."

कुमुदला सगळं आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे विश्रामला पुढे कधीही नीट कळलं नाही. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दोघं निघाली तशी अक्कांनी हाक मारली. तोच मोठा डबा त्यांनी काठोकाठ अनारशांनी भरला होता. अक्कांच्या हातून इतकं सुटलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"अक्का, डबा तुमचा आहे," विश्राम म्हणाला.

"नाव माझंच आहे, मला वाचता येतं. परत आणून दे. आणि रिकामा आणलास तर व्याज लावीन."

डबा परत गेला तो शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून. मग अक्कांकडून तिळगूळ भरून आला. कैऱ्या भरून गेला, सांडगे भरून आला. अक्का होत्या तोवर तो असाच जात-येत राहिला, आणि त्यांच्यामागे कुमुदकडेच राहिला. घरात एका पैशाचंही कर्ज उरलं नाही, पण बाकीचे डबे फळीवरून हलले नाहीत. कुमुद त्यांच्यावरच शिकली, त्यांच्यावरच तिचं लग्न झालं. विश्रामनं चहा पुन्हा सुरू केला, तरी 'अण्णा' डबीतला गोटा त्यानं काढला नाही. नाणी त्याच्या भोवतीनं टाकली.

आता ती ठकठक पेठेत ऐकू येत नाही. डबे प्लॅस्टिकचे झाले, त्यांच्यावर नाव बसत नाही. पण कुमुदला अजून गुरुवार आला की तळ्याच्या पायऱ्या आठवतात, पाण्यातले पाय आठवतात, आणि उशिरानं येणारा तो कपडे आपटल्याचा आवाज. इतकं चांगलं जेवण पुढे आपण कधी जेवलोच नाही, असं ती म्हणते. आणि मग लगेच म्हणते, की हे बाहेर कुठं बोलू नकोस.

तात्पर्य: घरात आलेल्या पैशाला आल्याबरोबर नाव द्यावं, आणि दुसऱ्याचं नाव दिलेल्या पैशाला आपला हात लावू नये, मग थोड्या कमाईतही रोजच्या रोज थोडं थोडं करून कर्ज फिटतं आणि घराचं हसूही राहतं. आणखी एक तात्पर्य आहे, ते मला जास्त आवडतं. ते असं, की दुसऱ्याच्या नावाचा डबा आपल्या फळीवर असण्यात लाज मुळीच नाही, फक्त तो परत करताना त्यात आपण…

"अगं ए, चकल्या निवल्या! गोदाक्कांचा डबा कुठं ठेवलास? शेजारी द्यायचाय ना भरून!"

आले, आई.